अष्टमीतलं कोमट पाणी

१

पेणच्या कमळाकर म्हात्रेच्या हत्यारांच्या पेटीत थर्मामीटर होता, पण तो बाहेर निघालेला कोणी पाहिला नव्हता. घरचा फ्रीज असो, आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर असो, कमळाकर आधी मागं जाऊन जाळीवर तळहात ठेवायचा, मग आतल्या नळीवर, आणि डोळे मिटून क्षणभर गप्प उभा राहायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री देवाचं नाव घेतोय. तो काही नाव-बिव घेत नसे. जाळी गरम लागली म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते आहे, नळी गार लागली म्हणजे गॅस आपलं काम करतो आहे, एवढंच त्याचं शास्त्र. उष्णता नाहीशी होत नाही, ती इथून उचलून तिथं नेऊन टाकावी लागते, मशीन म्हणजे नुसता हमाल, असं तो बायकोला जेवताना समजावून सांगायचा. इंदुबाई म्हणायची, व्हय, आता भात वाढू का.

आठवड्यातून एकदा तो स्कूटरवर पेटी बांधून नागोठण्यावरून रोह्याला यायचा आणि तिथून धाटावला, कंपन्यांच्या कॅन्टीनमधले कूलर बघायला. काम ठरलेलं, चहा ठरलेला, परतीची वाटही ठरलेली. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती वाट थोडी वाकडी झाली. रोह्याच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला सांगितलं, कुंडलिका नदीचा पूल ओलांडून अष्टमीत जा, अय्यूबभाईंचं घर विचार, त्यांचं मशीन गार करत नाही. इथल्या फ्रीजवाल्यानं दोनदा उघडून बघितलं आणि हात जोडले.

दुसऱ्यानं हात जोडलेलं काम म्हटल्यावर कमळाकरला नाही म्हणवेना. एवढा गर्व त्याला होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नव्हता.

२

अष्टमीतल्या त्या गल्लीत दुपारची झोप इतकी गाढ असायची की सायकलची घंटासुद्धा कोणी वाजवत नसे. हिरव्या रंगाच्या खिडक्या, दारांना पडदे, आणि नदीकडून येणारा चिखलाचा वास. अय्यूबभाईंच्या घराच्या ओट्यावर, पत्र्याच्या पागोळीखाली, ते मशीन उभं होतं. माणसाहून उंच, पांढरं, पुढं दोन मोठी बटणं. एक दाबलं की साधं पाणी, दुसरं दाबलं की गुलाबाचं सरबत. नाणं टाकायची फट चिकटपट्टी लावून बुजवलेली होती. मशीन सौदीतून आलेलं. अय्यूबभाई तिथं एका कंपनीच्या कँपात मेस सांभाळायचे, ती मेस बंद झाली तेव्हा त्यांनी घरच्या सामानाबरोबर तेही बोटीत चढवलं. आधी कागदी कप आपोआप खाली पडायचे म्हणे, ते बघायला अख्खी गल्ली जमायची. कप संपले तसे साखळीला बांधलेले स्टीलचे ग्लास आले.

अय्यूबभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, बोलायला मऊ. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग सगळं सांगितलं. ही सबील होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट पाणी पाजायची पाणपोई. त्यांचा धाकटा भाऊ तमीम सौदीत पिकअप चालवायचा. हिवाळा सरता सरता एका सकाळी तो दूरच्या वाळवंटातल्या कँपावर सामान पोचवायला निघाला आणि पोचलाच नाही. गाडी मिळाली नाही, माणूस मिळाला नाही. कंपनीनं शोधलं आणि मग शोधणं थांबवलं. तमीमची बायको फरझाना आणि लहानगी मुलगी माहिरा याच घरात होती. अय्यूबभाई रोज संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन सौदीला फोन लावायचे आणि रोज तेच ऐकून परत यायचे.

"परक्या मुलखात त्याला कोणी घोटभर पाणी पाजावं," अय्यूबभाई म्हणाले, "म्हणून आपण इथं पाजायचं. एवढंच आपल्या हातात हाय, मिस्त्री. पण पाणी गार नसलं तर पितो कोण? आणि कोणी प्यायलंच नाय, तर त्याला तरी कोण पाजील?"

कमळाकर उठून मशीनपाशी गेला. त्यानं ग्लास धरून बटण दाबलं.

पाणी कोमट होतं. उन्हात तापलेल्या पिंपाचं पाणी जसं लागतं तसं नव्हे, कारण ते त्यानं लहानपणी खाडीवर, मिठागराच्या कामावर पुष्कळ प्यायलं होतं. हे पाणी बरोब्बर अंगाच्या उबेचं होतं. कोणीतरी घोट तोंडात घेऊन, थोडा वेळ ठेवून, परत ग्लासात सोडावा, तसं. त्यानं ते गिळलं खरं, पण त्याच्या अंगावर शहारा आला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

मग त्यानं मागं जाऊन जाळीवर हात ठेवला. जाळी गरम होती, हवी तशी. कॉम्प्रेसर गुणगुणत होता. पंखा फिरत होता. झाकण काढून त्यानं टाकीतली कॉइल पाहिली, तिच्यावर बर्फाची पांढरी साय धरली होती. त्यानं गेज लावलं, गॅस भरपूर होता. म्हणजे मशीन गारवा तयार करत होतं, टाकीपर्यंत आणून देत होतं, आणि पाणी मात्र कोमट.

कमळाकरनं जाळीतली धूळ ब्रशनं झाडली. ती रोह्याची तांबडी धूळ नव्हती. पिवळसर, पिठासारखी बारीक वाळू होती. सौदीतून आलेल्या मशीनमध्ये सौदीचीच वाळू असणार, त्यात काय एवढं. त्यानं ती ओंजळीनं गोळा करून ओट्याखाली टाकली, थर्मोस्टॅट बदलला, आणि पुढच्या खेपेला बघू म्हणाला.

३

पुढच्या खेपेला पाणी तसंच होतं. जाळीत वाळूही तशीच होती, पहिल्याहून थोडी जास्त.

कमळाकर बराच वेळ तिच्याकडे बघत उकिडवा बसला. मशीनच्या आत कुठंतरी साठून राहिली असेल, पंख्यानं ओढून आणली असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आपल्या कपाळावरचा घाम वाळला आहे. मे महिन्याची दुपार, खाली नदी, अंगातला सदरा पिळून काढावा इतकी चिकचिक, आणि मशीनच्या मागून जी हवा येत होती ती मात्र कोरडी ठणठणीत होती. त्यानं खांद्यावरचा ओला पंचा तिच्यासमोर धरला. माप घ्यावं तसं काही नाही, सहजच. पंचा बघता बघता सुकला आणि कडक झाला. त्याचे ओठ तडतडायला लागले. त्या हवेला कसलाच वास नव्हता. चिखलाचा नव्हता, माशांचा नव्हता, माणसांचाही नव्हता.

गरम जाळीवरून गेलेली हवा कोरडी होते, हे त्याला ठाऊक होतं. इतकी होते का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

ओट्यावर माहिरा चिंचोके मांडून खेळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की आता मशीन पाणी पितंय. कमळाकरनं कान दिला. कॉम्प्रेसरच्या गुणगुणण्याखाली आणखी एक आवाज होता. घुटूक. मग थांबल्यासारखं. मग पुन्हा घुटूक. पाइपात हवा धरली की असा आवाज येतो. त्यानं पाइप सोडवून हवा काढली, पुन्हा जोडला. आवाज थोडा वेळ बंद झाला, आणि मग परत सुरू झाला, आधीपेक्षा घाईघाईनं. तहानलेल्याच्या तोंडचं भांडं मध्येच काढून घ्यावं आणि पुन्हा द्यावं, तेव्हा तो पितो तसा.

कमळाकरला त्या आवाजाची दया आली. भीती नंतर, स्कूटरवर, नागोठण्याच्या पुढं कुठंतरी वाटली.

४

तिसऱ्या खेपेला अय्यूबभाई घरी नव्हते. दाराच्या पडद्याआडून फरझानानं त्याला हाक मारली आणि मग स्वतःच बाहेर येऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, वय जेमतेम तिशीचं, हातात हिरव्या बांगड्या. तिच्या हातात मशीनचाच एक ग्लास होता.

"मिस्त्री, तुमाला एक विचारते. यात कायच बिघाड नाय ना?"

कमळाकरनं खरं ते सांगितलं. भाभी, मला सापडला नाही.

ती मान हलवत म्हणाली, नसणारच. मग तिनं शांतपणे, भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते सांगावं अशा आवाजात सांगितलं, की सबील सुरू केली तेव्हा पाणी चांगलं गार यायचं. लोक दात धरून बसायचे. एका दुपारी तिनं नमाज पढून झाल्यावर खूप रडून मागणं मागितलं, आणि त्याच दुपारपासून पाणी कोमट यायला लागलं. तेव्हापासून ती रोज एक ग्लास काढते, दोन्ही हातांत धरते, आणि कोमट लागला की पिऊन टाकते. मग तिला जेवण जातं.

"गारवा त्यांच्याकडं जातो," ती म्हणाली. "आपल्याला उरतं ते हे. भाईजानना सांगितलं तर ते म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. तुमी त्यांना काय सांगायचं ते सांगा. पण हे बंद करू नका. एवढं माझं ऐका."

कमळाकरनं मान डोलावली. त्यानं तोंडानं काहीच कबूल केलं नव्हतं, पण मान डोलावणं म्हणजे कबूल करणंच, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी त्यानं मशीनला हात लावला नाही. नुसता मागच्या कोरड्या हवेत थोडा वेळ उभा राहिला. डोळे मिटले तर आत लालभडक उजेड दिसत होता, पागोळीच्या सावलीत उभा असूनसुद्धा.

घरी आल्यावर त्यानं इंदुबाईला विचारलं, एखादा माणूस इतके दिवस वाळवंटात राहील का गो जिवंत? इंदुबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, पाणी असंल तर राहील.

५

ही गोष्ट त्यानं पोटात ठेवली असती तर बरं झालं असतं. पण पेणला त्याच्या दुकानाशेजारी गणपतीचा कारखाना होता, आणि तिथं मूर्तींचे डोळे रंगवणारा पोपट त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. चहा पिता पिता कमळाकरनं त्याला सगळं सांगून टाकलं. पोपट इतका हसला की त्याच्या हातचा चहा त्याच्याच लेंग्यावर सांडला. म्हणाला, कमळ्या, तुला ऊन लागलंय. पाणी कोमट येतं म्हणून माणूस जिता? मग आमच्या नळाला तर आख्खा गाव जिता हाय.

कमळाकरही हसला. हसता हसता त्याला मनापासून लाज वाटली. आपण रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला माणूस, धाटावच्या कंपन्या आपल्या भरवशावर कॅन्टीन चालवतात, आणि आपण एका दुःखी बाईचं ऐकून मशीन तसंच सोडून आलो. त्या रात्री त्यानं ठरवलं की बिघाड आहेच, फक्त आपल्याला सापडलेला नाही.

पुढच्या खेपेला तो अष्टमीत आला तेव्हा अय्यूबभाईंची अवस्था बघवत नव्हती. लोक ओट्यापर्यंत यायचे, एक घोट घ्यायचे, आणि उरलेलं पाणी गटारात ओतून निघून जायचे. काही जण तोंडावर बोलायचे. कोणी म्हणालं, ही सबील अल्लाकडं कबूलच झालेली नाही. ते ऐकल्यापासून अय्यूबभाईंनी जेवण टाकलं होतं. त्यांनी कमळाकरचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मिस्त्री, काय पण करा. गॅस बदला. नवीन भरा."

गॅस भरलेला होता. तो बदलून काही होणार नाही, हे कमळाकरला माहीत होतं. पण या धंद्यात एक रीत पडून गेली आहे. बिघाड सापडला नाही, की गॅस काढायचा आणि पुन्हा भरायचा. गिऱ्हाइकाला फुस्स असा आवाज ऐकू येतो, सिलिंडर दिसतो, नळ्या दिसतात, काहीतरी झालं असं वाटतं. मेकॅनिकलाही वाटतं. निम्म्या वेळा त्यानं फरक पडत नाही, पण घरातलं माणूस शांत होतं. कमळाकरनं शेकडो घरं अशीच शांत केली होती. अय्यूबभाईंच्या त्या सुकलेल्या तोंडाकडे बघून त्याला वाटलं, एवढं तर आपण करूच शकतो.

मशीन फार तर दुपारभर बंद ठेवावं लागेल, तो म्हणाला.

अय्यूबभाईंनीच सांगितलं की फरझाना माहिराला घेऊन आईकडे गेली आहे, दिवस कलता येईल. हे ऐकून कमळाकरला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचं वाईटही वाटलं. त्यानं पेटी उघडली.

६

गॅस बाहेर पडताना जो आवाज आला तो नेहमीचाच होता. लांब, बारीक, हळूहळू मरत जाणारा. मशीन गप्प झालं. त्याची गुणगुण थांबल्यावर गल्लीतली शांतता एवढी मोठी झाली की कमळाकरला आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. त्यानं नळ्या जोडून, सोबत आणलेला एक सुटा जुना कॉम्प्रेसर मशीनमधली हवा ओढून काढायला लावला. आता वाट बघायची होती. अय्यूबभाई टोपी घालून मशिदीकडे गेले. एक मांजर ओट्यावर येऊन मशीनच्या पायाशी हुंगत थबकलं आणि पाठ फुगवून निघून गेलं.

कमळाकर भिंतीला टेकून बसला. डोळा लागला की नाही, हे त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. अंगावरून कोरडी हवा जात होती, एवढं त्याला कळत होतं, आणि ती त्याला जरा वेळ बरी वाटली. मग त्याच्या मनात आलं की पंखा तर बंद आहे. वायर त्यानं स्वतःच काढून बाजूला ठेवली होती. जाळीत गॅस नव्हता, करंट नव्हता, जाळी गार पडली होती. हवा येत होती ती कुठून?

तो उठला. मागं वाळू पडली होती, या वेळी ओंजळभर नव्हे, पायाचे ठसे उमटावेत एवढी. आणि तो आवाज येत होता. घुटूक. मग बराच वेळ काही नाही. मग घुटूक. सगळं डोकं सांगत होतं की हात लावू नकोस, आणि हात झाकणाच्या कडेला गेला होता.

टाकीत पाणी होतं, काठोकाठ नाही. ते खाली जात होतं. नळ बंद होते, गळती नव्हती, तरी ते एका घोटानं खाली जायचं, थांबायचं, पुन्हा एका घोटानं. कॉइलवरचा बर्फ केव्हाच वितळून गेला होता. तळाशी, जिथं काळं स्टील दिसायला हवं होतं, तिथं उजेड होता. भर दुपारचा, पांढरा, डोळ्यांत पाणी आणणारा उजेड, आणि तो इतका लांबवर पसरलेला होता की त्या हातभर टाकीत मावणं शक्य नव्हतं. त्या उजेडात पाण्याच्या खालून एक ओंजळ वर आली. दोन हात, एकमेकांना जोडलेले, बोटांच्या भेगांत वाळू. ती पृष्ठभागाच्या जरा खाली थांबली, आणि थांबूनच राहिली. मागणारा माणूस थांबतो तशी.

कमळाकरनं आपला उजवा हात पाण्यात घातला. का घातला, हे त्यानं विचारलं नाही. त्याचा तळहात त्या हातांवर टेकला. पाण्यात असून ते हात कोरडे होते. आणि तापलेले होते, तव्यावरून नुकताच काढलेला हात असावा तसे. त्यांनी त्याची बोटं धरली, जोरात नाही. मग कमळाकरला जे कळलं ते कळण्यासाठी त्याला थर्मामीटर लागला नसता. त्या हातांतली उष्णता कमी होत होती. आधी बोटांच्या टोकांतून, मग तळव्यातून. ती कुठं जात होती ते त्याला कळेना. त्यानं दुसराही हात पाण्यात घातला आणि ते हात घट्ट धरले, जणू आपली ऊब देता येईल. थांब रे बाबा, तो पुटपुटला, थांब, आता चालू करतो.

त्यानं हात कसे सोडवले ते त्याला आठवत नाही. त्यानं अर्धवट ओढलेली हवा तशीच सोडून सिलिंडर जोडला. घाईत पाना दोनदा खाली पडला. गॅस आत शिरला, वायर लागली, कॉम्प्रेसरनं खाकरून गुणगुण धरली. पंखा फिरला. कमळाकर पळत पुढं आला आणि पुन्हा टाकीत डोकावला.

तळाशी काळं स्टील होतं. पाणी हललं नाही. मागून येणारी हवा दमट होती, आणि तिला चिखलाचा वास होता.

७

अय्यूबभाई नमाजाहून परतले, शेजारपाजारच्यांशी बोलत बसले, आणि मध्ये मध्ये मशीनकडे बघत राहिले. कमळाकर जाळीजवळून हलला नव्हता. त्यानं मनात एकच धोशा लावला होता. कोमट येऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या हातचं काम बिघडावं म्हणून देवाला विनवत होता. गॅस नीट गेला नसेल, हवा आत राहिली असेल, कॉम्प्रेसर जळून जाऊ दे, काही होऊ दे.

ऊन उतरता उतरता अय्यूबभाईंनी ग्लास धरून बटण दाबलं. ग्लासाच्या बाहेरून लगेच दव धरलं. त्यांनी एक घोट घेतला आणि दातांना कळ लागली म्हणून गाल धरला. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कमळाकरला मिठी मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला दुवा दिली.

"आता पितील लोक," ते म्हणाले. "आता तिथं पण कोणीतरी त्याला पाजील."

लोक खरंच आले. शिफ्टवरून सुटलेले धाटावचे कामगार पुलावरून सायकली ढकलत आले, बाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या उतरवून थांबल्या. सरबत गुलाबी धारेनं पडत होतं आणि माणसं हसत होती. पोपट हसला होता ते बरोबरच होतं, साधा बिघाड होता आणि तो निघाला होता. कमळाकरला ते मान्य करायची फार इच्छा होती. त्यानं स्वतः एक ग्लास काढला, ओतून दिला. दुसरा काढला, तोही ओतला. मध्ये एखादा तरी कोमट निघेल म्हणून तो काढत राहिला, आणि कोणीतरी म्हणालं, मिस्त्री, बास, झालंय गार, आता आम्हाला पण द्या.

गर्दीच्या मागं फरझाना उभी होती. ती केव्हा आली ते कोणी पाहिलं नव्हतं. माहिरा तिचा हात सोडून पुढं घुसली आणि ग्लास तोंडाला लावून म्हणाली की अम्मी, बर्फ हाय यात. फरझानानं मशीनकडे पाहिलं नाही. तिनं कमळाकरकडे पाहिलं.

"बंद केलं व्हतं?"

"जरा वेळ, भाभी."

ती पुढं आली. लोकांनी तिला वाट दिली, कारण घरचीच बाई होती. तिनं हात पुढं केला आणि कमळाकरनं भरलेला ग्लास त्या हातात ठेवला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, आणि तशीच उभी राहिली. ओढणीच्या कडेवर पाण्याचे थेंब पडत राहिले. तिचा चेहरा जराही बदलला नाही, आणि कमळाकरला वाटलं, हिनं ओरडावं, मला शिव्या द्याव्यात, निदान ग्लास फेकून मारावा. तिनं तो पायरीशी ओतला आणि रिकामा ग्लास पुन्हा त्याच्यापुढं धरला.

"हे नाय," ती म्हणाली. "दुसरा काढा."

त्यानं दुसरा काढला. तिनं तो धरला आणि ओतला. मग तिसरा. पलीकडे अय्यूबभाई लोकांना रांगेत उभं करत होते, गर्दी करू नका, आता कमी पडायचं नाय, सगळ्यांना पुरंल, असं आनंदानं सांगत होते. पायरीवरून पाण्याचा ओघळ गल्लीत उतरला होता आणि माहिरा त्यात पाय भिजवत होती.

"दुसरा काढा, मिस्त्री," फरझाना म्हणाली, आणि कमळाकरनं बटण दाबलं.